लाबानाचा हवाला

माझ्या भावाला पूर्वजांना विचारल्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही. घर बदलायचं ठरवलं तेव्हा त्यानं अब्राहामाला पुढे केलं, कारण अब्राहामानंही राहतं घर सोडलं होतं. माझ्याशी चार महिने अबोला धरला तेव्हा योसेफ आणि त्याचे दुष्ट भाऊ काढले, आणि त्यात योसेफ कोण, तर अर्थात हाच. दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता नीट दिसतंय का?' असं विचारतो आणि शनिवारी आमच्या यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये, ग्रंथाची गुंडाळी उघडून सगळ्यांसमोर वाचतो. आवाज गोड आहे हो त्याचा, ते मी नाकारत नाही. म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात.

आमचे वडील सांगायचे की आपल्या पूर्वजांच्या बाबतीत जे जे घडलं, ते आपल्यासाठी खूण म्हणून लिहून ठेवलंय. आपल्यावर वेळ आली की तिथे जाऊन बघायचं, त्यांना कुठे ठेच लागली, कुठे वाट सापडली. दादानं यातून काय घेतलं, तर आधी आपल्याला काय करायचंय ते ठरवायचं आणि मग तसं कुणी केलं होतं का ते शोधायचं. आणि सापडतं! पूर्वज आपले ढीगभर. खोटं बोललेत, भांडलेत, बायकोला बहीण म्हणून पुढे केलंय, पोटच्या पोराला हाकलून दिलंय. ग्रंथानं काही झाकून ठेवलेलं नाही. ते लाज वाटावी म्हणून लिहिलंय का परवानगी म्हणून, एवढंच ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी लग्नाचे कपडे शिवते. पुढे दोन मशिनी आणि कापायचं टेबल, मागे पडदा लावून केलेली मापाची खोली. वहिनी गेली तेव्हा दादाची धाकटी चार वर्षांची होती, त्यामुळे दोन्ही पोरी माझ्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत मोठ्या झाल्या. थोरली आता बत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते, बोलते कमी. धाकटी पंचवीसची आणि तिचं तोंड म्हणजे टकळी. तिचं एका इंजिनियरशी जमलं. मुलगा चांगला, पण दोन महिन्यांत त्याला परदेशी नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी लग्न उरकायचं होतं.

मी खूश होते. मापं घ्यायच्या तयारीत होते. तर एका दुपारी दादा दुकानात आला, स्टुलावर बसला, चहा मागितला आणि म्हणाला, "धाकटीचं आत्ता होणार नाही. आधी थोरलीचं."

"का?"

"का म्हणजे? शास्त्रात स्पष्ट आहे. थोरली घरात असताना धाकटी देत नाहीत."

"शास्त्रात असं कोण म्हणालंय?"

"म्हणालंय."

"कोण, दादा?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. डोळ्यांचा माणूस नजर चुकवायला लागला की चष्मा पुसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. "लाबान," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. याकोबाचं राहेलवर मन बसलं होतं आणि तिच्यासाठी तो तिच्या बापाकडे, म्हणजे या लाबानाकडे, सात वर्षं राबला. लग्नाच्या रात्री लाबानानं चेहरा झाकून भलतीच मुलगी त्याच्या गळ्यात बांधली. राहेलची मोठी बहीण, लेआ. सकाळी याकोबानं जाब विचारला, तेव्हा या गृहस्थानं तोंड वर करून सांगितलं की आमच्या गावात थोरलीआधी धाकटी द्यायची पद्धत नाही. सात वर्षं ही पद्धत त्याला आठवली नव्हती. अख्ख्या ग्रंथात एवढी थोर माणसं पडलीत आणि माझ्या भावाला प्रमाण म्हणून मिळाला कोण, तर हा चोर!

"लबाड माणसाच्या तोंडूनही खरं निघतं," दादा म्हणाला. "मोठमोठ्या पंडितांनी ते वाक्य धरून रिवाज सांगितलाय."

"मग त्या रिवाजानं पुढे लेआचं काय झालं, तेही वाच की. नवरा तोंडाकडे बघेना, मग राहेलही त्यालाच दिली, आणि बहिणीबहिणींत नवऱ्याच्या रात्रींची देवघेव. ते वाचताना तुझा आवाज जास्तच गोड लागतो."

त्यानं माझं बोलणं कानाआड केलं आणि बिस्कीट चहात बुडवलं. "स्थळ बघितलंय मी थोरलीसाठी. दाताचा डॉक्टर. शेहेचाळीसचा आहे, पहिली बायको सोडून गेली. नाव आहे त्याचं. हात इतका हलका की दात काढलेला कळत नाही म्हणतात."

माझी कात्री कापडात तशीच थांबली.

त्या हाताची ओळख मला होती. नऊ वर्षांपूर्वी त्याची पहिली बायको माझ्याकडे ड्रेस शिवायला आली होती. भर उन्हाळ्यात तिला मनगटापर्यंत बाह्या हव्या होत्या आणि बंद गळा. मापाच्या खोलीत तिनं अंगातलं काढलं, तर दंडावर चार बोटं आणि मागच्या बाजूला एक अंगठा, हिरवट पिवळा पडलेला. दोन्ही दंडांवर. गळ्याच्या खाली आणखी एक. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलावं लागलं नाही. मी त्या मुद्दाम तोंडात ठेवल्या. मापाच्या खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम, आणि त्या दिवशी मला तो फार सोयीचा वाटला. बाह्या मी अस्तर लावून शिवल्या, म्हणजे आतलं दिसू नये. इतक्या सुरेख बसल्या की ती बाई मला 'थँक्यू' म्हणून गेली. त्या थँक्यूची आठवण आली की अजून तोंड कडू होतं.

मी हे सगळं दादाला सांगितलं. एकेक बोट मोजून सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कानावर आलं होतं. तापट आहे थोडा. आणि ती बाई काय कमी होती? माणूस बदलतो. यहूदानंसुद्धा भावाला, योसेफाला, विकलं होतं, पुढे सुधारलाच की नाही? बत्तिसाव्या वर्षी थोरलीला काय राजपुत्र येणारे?" त्यानं चहात विरघळलेलं बिस्कीट बोटानं काढून चाटलं. मिशीला लगदा लागला होता. ज्याच्या मांडीवर बसून मी अक्षरं गिरवली, तो हा भाऊ. खोटं सांगत नाही, मी मागे जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

धाकटीला सांगावं असं मला वाटलं. तिनं हट्ट सोडला तर ही घाई राहणार नव्हती, चार-सहा महिने मिळाले असते. ती ड्रेसच्या ट्रायलला आली तेव्हा मी पडदा ओढला आणि सांगितलं. ती आरशात स्वतःची कंबर बघत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. मला वाटलं, झालं, माझी पोर आहे ही.

"आत्या," ती म्हणाली, "तू हे आत्ता कशाला काढलंस?"

"आत्ता नाही तर कधी काढू? बारशाला?"

"ताई समजूतदार आहे. ती सांभाळून घेईल त्याला. कदाचित तिच्याशी नीट वागेलही. माझ्या होणाऱ्या सासरचे थांबणार नाहीत आत्या, सासूबाई आत्ताच कुरकुरतायत. एकदा दोन्ही लग्नं होऊ देत, मग आपण बघू ना काय करायचं ते. माझी शपथ आहे तुला, ताईजवळ बोलू नकोस."

शी! हिचं नाक मी पुसलंय, हिच्या उवा मी काढल्यात. बापाची मला किळस आली होती, पण तो निदान जुना, मुरलेला होता. ही कोवळी पोर बहिणीचं हाड मोडलं जाईल हे ऐकून तारखांचा हिशोब करत होती. मी तिच्या कमरेवर टाचणी लावली ती जरा जास्तच आत गेली. ती 'आई गं' म्हणाली. मी 'चुकून' म्हटलं.

शपथबिपथ मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी थोरली आली. हात पसरून उभी राहिली, मी टेप धरली आणि सगळं सांगितलं. ती हात खाली न घेता ऐकत राहिली.

"मला अंदाज होता," ती म्हणाली. "बाबा 'तापट' म्हणताना चष्मा पुसत होते."

"मग?"

"मग काय? राहेलनं काय केलं होतं?"

बघा, घरात एकानं विष कालवलं की सगळे तेच पितात. आमच्या जुन्या जाणत्यांनी ती गोष्ट सांगून ठेवलीये. याकोबाला लाबानाचा संशय होता, म्हणून त्यानं राहेलशी काही गुप्त खुणा ठरवल्या होत्या. पण आपल्या जागी बहिणीला बसवणार हे कळल्यावर राहेलनं त्या खुणा लेआला शिकवल्या, तिची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून. बहिणीसाठी स्वतःचा नवरा सोडला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना थोरली माझ्या कुशीत रडायची.

"ती राहेल होती," मी म्हटलं. "तू लेआच्या जागी आहेस. लेआचे डोळे कशानं अधू झाले होते, सांग."

तिला माहीत होतं. लोक म्हणायचे, थोरली थोरल्याला जाणार, म्हणजे लेआ याकोबाच्या थोरल्या भावाला, एसावाला. लेआ रस्त्याच्या तिठ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, तो एसाव कसा आहे हो? जे ऐकायला मिळायचं त्यानं ती रडायची. रडून रडून पापण्या झडल्या.

"तिचं रडणं देवानं ऐकलं," थोरली म्हणाली. "मला तसं रडता येत नाही."

"मग तोंडानं नाही म्हण! त्यानं पापण्या झडत नाहीत."

"म्हणते. आणि धाकटीचं मोडलं तर? तो इंजिनियर निघून जाईल. ती बाबांच्या घरात माझ्यासमोर बसून म्हातारी होईल. रोज सकाळी ती माझ्याकडे कशी बघेल, आत्या? तो दाताचा डॉक्टर निदान परका आहे."

मी तिच्या दंडाचं माप घेतलं. साडेदहा इंच. तिनं लांब बाह्या सांगितल्या नाहीत, मी विचारल्या नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. सिनेगॉगच्या मागच्या खोलीत थोरलीला उंच पाठीच्या खुर्चीवर बसवलं. बायका, फुलं, सेंटचा घमघमाट, उकाडा. आमच्याकडे मुख्य विधीआधी नवरा या खोलीत येतो, नवरीचा चेहरा नीट बघतो आणि मग स्वतःच्या हातानं तिच्या चेहऱ्यावर जाळी ओढतो. का, तर याकोब फसला होता म्हणून. पुन्हा कुणा नवऱ्याच्या पदरात भलतीच पडू नये. एका फसलेल्या पुरुषाची एवढी काळजी आम्ही पिढ्यान् पिढ्या वाहतोय. ज्या मुलीला बापानं अंधारात ढकललं तिच्यासाठी एक खुर्चीसुद्धा कुणी सरकवली नाही. हे मी शेकडो लग्नांत बघितलंय, जाळी हातात धरून, टाचण्या तोंडात धरून. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या सगळ्याची शिसारी आली.

दाताचा डॉक्टर आला. बरोबर दादा, आमचे धर्मगुरू रब्बी आणि दोन साक्षीदार. डॉक्टर हसतमुख, नखं स्वच्छ. तो वाकला आणि त्यानं थोरलीची हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा खिडकीकडे वळवला, दाढ तपासतात तसा. "हो, हीच ती," तो म्हणाला. खोलीभर हशा पिकला. दादा सगळ्यात मोठ्यानं हसला. मग डॉक्टरनं जाळीसाठी माझ्यापुढे हात केला.

मी जाळी दिली नाही.

"रब्बी," मी म्हटलं, "अडाणी बाई आहे, एक सांगा. याकोबाच्या आईला, रिबकेला, सासरी पाठवण्याआधी तिच्या घरच्यांनी काय केलं होतं?"

रब्बी म्हातारे, किडकिडीत, ऐकायला कमी येतं असं लोक समजतात. "मुलीला बोलावून तिलाच विचारलं होतं," ते म्हणाले. "या माणसाबरोबर जाशील का म्हणून."

"घरचे म्हणजे कोण?"

"तिची आई. आणि भाऊ."

"भावाचं नाव काय हो?"

रब्बींनी दादाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "लाबान."

"आमच्या दादाला लाबानाचा शब्द फार प्रमाण आहे. त्याच शब्दावर तर हे लग्न ठरलंय. मग त्याचा हाही शब्द पाळू द्या की."

"तमाशा करू नकोस," दादा दातओठ खात म्हणाला.

"यात तमाशा नाही," रब्बी म्हणाले. "मुलीच्या मनाविरुद्ध लग्न लावता येत नाही, आणि ते आपण तिथूनच शिकलोय. मीच आधी विचारायला हवं होतं." ते थोरलीच्या समोर आले. "बेटा, या माणसाबरोबर जाशील?"

थोरलीनं डोळे उचलले आणि धाकटीकडे बघितलं. धाकटी दारापाशी उभी होती, हातात फुलं.

"जाईन," थोरली म्हणाली. पाढा म्हणावा तसं. रिबकेचंच उत्तर.

संपलं. आता मी काय करणार? सगळ्यांसमोर विचारलं होतं, सगळ्यांसमोर उत्तर आलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं माझ्या बोटांतून जाळी सोडवून घेतली.

"थांबा!"

धाकटीचा आवाज इतका फाटका निघाला की मला आधी ओळखूच आला नाही. "ते मी शिकवलंय तिला. काल. म्हटलं, आत्या काहीतरी करणार, कुणी विचारलंच तर एकच शब्द म्हण आणि मोकळी हो. मी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. आत्यानं मला सगळं सांगितलं होतं, हा पहिल्या बायकोला मारायचा ते. मीच आत्याला म्हटलं गप्प बस." तिनं तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ती फुलांच्या बादलीत ओकली. सगळ्या बायका मागे सरल्या. "शी," ती बादलीवर वाकून म्हणत राहिली, "शी, शी, काय केलं मी."

"कोण म्हणतं मी मारलं?" डॉक्टरनं विचारलं. आवाज अजून मऊ होता.

"मी," मी म्हटलं. "तुमच्या बायकोच्या लांब बाह्या मी शिवल्यात. अस्तर लावून. नऊ वर्षं मी तोंड शिवून बसले, त्याची लाज मला आहे. तुमची तुम्ही बघा."

दादा म्हणाला, "जुनी गोष्ट आहे, सोडा ना." डॉक्टर म्हणाला, "चला, उशीर होतोय," आणि त्यानं थोरलीला उठवायला तिचा दंड धरला. हलक्या हाताचा माणूस! बोटांभोवतीची कातडी पांढरी पडली. थोरली मान वळवून त्या बोटांकडे बघत राहिली, फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तशी.

"रब्बी," ती म्हणाली, "मला परत विचारा."

"एकदा उत्तर झालंय!" दादा ओरडला.

रब्बींना खरंच ऐकू आलं नसावं. त्यांनी डॉक्टरला सांगितलं, "हात काढा. मग विचारतो." डॉक्टरनं हात काढेपर्यंत ते थांबले, आणि तो वेळ फार लांबला. मग त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले, तितक्याच सावकाश.

"नाही," थोरली म्हणाली. "नाही जाणार."

डॉक्टर "फसवणूक आहे ही!" असं म्हणून जाळी जमिनीवर टाकून गेला. बाहेर त्याचा आवाज मऊ राहिला नाही, सगळ्यांनी ऐकला. पाहुणे कुजबुजायला लागले. दादा भिंतीला टेकून उभा होता, ओठ हलत होते. तो कुणीतरी पूर्वज शोधत होता, मला चेहऱ्यावरून कळलं. बराच वेळ शोधत होता. शेवटी म्हणाला, "आता धाकटीचं कसं व्हायचं?" मला त्याच्याकडे बघवेना. रब्बींनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

धाकटी बादलीशेजारी जमिनीवर बसून होती. थोरलीनं स्वतःचा रुमाल तिच्या मांडीवर टाकला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या केसांतल्या टाचण्या काढायला लागले.

लग्नाच्या दिवशी नवरीला उपास असतो. तिच्या पोटात आदल्या रात्रीपासून काही नव्हतं. निम्म्या टाचण्या निघाल्या असतील, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, भूक लागलीये. काहीतरी खायला दे."